धनाईचा डाव

"उद्या दुपारपर्यंत तुझ्या चारही पाहुण्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला नाही, तर ही धर्मशाळा पाडून मी घोड्यांची पागा बांधणार!" भद्रसेन राजा गरजला.

बंदरावरच्या धर्मशाळेची धनाई पदर खोचून उभी होती. "पण महाराज, सात पागा आहेत की आपल्या!"

"आठवी हवी! आणि त्यांना पढवलंस तर याद राख. शब्द आपणहून निघाला पाहिजे."

राजाला जागा हवी होती आणि निमित्त आयतं मिळालं होतं. चौघा विद्वानांचं भांडण थेट राजवाड्यात ऐकू जाई. यज्ञ करणारे शास्त्रीबुवा म्हणत, "आत्मा अमर आहे!" बौद्ध भिक्षू विचारत, "मुळात आत्मा आहेच कुठं?" पुष्कल नावाचा चार्वाक म्हणे, "देह तेवढा खरा. खाऊन घ्या!" आणि गलबतातून आलेला यवन पंडित सांगे, "सुख येवो, दुःख येवो, माणसानं ढिम्म हलू नये." व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात, इथं चौघांत पाच मतं निघायची!

 धर्मशाळा हेच धनाईचं घर होतं. पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे. सकाळी उठून तिनं मांडे केले, खीर आटवली आणि दुपार व्हायच्या आत पंगत मांडली. राजाही मजा बघायला येऊन बसला.

धनाईनं डाव हातात घेतला. "घ्या की शास्त्रीबुवा! एवढ्यानं काय होतंय? माझ्या गळ्याची शपथ!"

चौथ्या मांड्याला शास्त्रीबुवांनी पानावर आडवे हात धरले. "पुरे!"

"भंते, थोडी खीर?"

भिक्षूनं पात्रावर तळवा ठेवला. "पुरे."

यवन मख्ख चेहऱ्यानं खात होता. त्याच्या कपाळावर घाम आला, तरी हूं की चूं नाही! धनाई सहाव्यांदा भरला डाव घेऊन आली, तसा तो टुणकन उठलाच. "पुरे!"

राजानं मिशीला पीळ दिला. "आता पुष्कल! त्याचा पंथच खाण्याचा. तो कसला पुरे म्हणतोय!"

"वाढ गं!" पुष्कल ओरडला.

धनाईनं वाढलं. त्यानं कमरेचं वस्त्र सैल केलं. तिनं पुन्हा वाढलं, वर तूप ओतलं. त्यानं भिंतीला पाठ टेकली. तिनं आणखी एक मांडा उचलला मात्र, पुष्कलनं हात जोडले. "पुरे, माझे आई, पुरे!"

"ऐकलंत, महाराज?"

"हे काय एकमत झालं?" राजा तडकला. "यात सिद्धान्त कुठाय?"

"सिद्धान्त कुणी मागितला होता? आपण शब्द मागितलात. आणि मी कुणाला पढवलं नाही, नुसतं वाढलं!"

राजा मिशी चावू लागला. धनाई हळूच म्हणाली, "चौघांनी म्हटलं. आता एकानंच म्हणायचं राहिलंय."

"कुणी?"

"ज्याच्या सात पागा आहेत, त्यानं!"

 राजानं डोळे वटारले, ओठ दाबून धरले. पण हसू कुठलं आवरतंय! खो खो हसत त्यानं जमिनीचा ताम्रपट धनाईच्या नावानं करायला सांगितला, वर गळ्यातला कंठा तिच्या हातात ठेवला आणि दोन्ही हात आडवे धरून म्हणाला, "पुरे, धनाई, पुरे!"