ऐनखोऱ्याची चौथी पायरी

या पायऱ्या चार आहेत आणि त्या कुठेच जात नाहीत. वर चढून गेलात तर समोर मोकळी जागा आणि दोन बाभळी. घर होतं ते केव्हाच मातीला मिळालं. सगळ्यात खालच्या पायरीवर ती पालथी घातलेली लोखंडी ऐरण दिसते ना, तिच्यावर तेवढं बसू नका. मागे एक पाहुणे फोटो काढायला ऐटीत बसले होते, त्यांना मीच दंडाला धरून उठवलं. रागावले बिचारे. मग गोष्ट ऐकली आणि जाताना ऐरणीला हात लावून गेले.

मी जातीनं आणि धंद्यानं बुरूड. सुपं-टोपल्या विणण्यात सत्तर वर्षं गेली. पण दसऱ्यापासून भाऊबीजेपर्यंतचे बावीस दिवस माझा कोयता पालथा पडलेला असतो. ऐनखोऱ्यात तेव्हा कोणीच आपला धंदा करत नाही. सुतार सुईदोरा घेऊन बसतो, शिंपी चिखलात हात घालतो, आमचे शाळामास्तर गेली चार वर्षं दोर वळतायत आणि अजून तो दोर शेळीसुद्धा तोडून पळते. भाऊबीजेला बहिणीला ओवाळणी घालायची ती स्वतः केलेल्या वस्तूची, आणि तीही ज्या कामात आपला हात बसलेला नाही त्या कामातली. अशी आमची रीत आहे. तुमच्या गाडीत चकचकीत कागदाचे डबे आहेत ते मी पाहिले. असू द्या, काजू चांगलेच लागतात.

या पायऱ्यांवरचं घर हैबती तांबटाचं होतं, असं सांगतात. कधीचं ते विचारू नका. माझ्या आज्यालाही ते ठाऊक नव्हतं. हैबतीच्या घागरीला पाच परगण्यांत तोड नव्हती म्हणे. घागरीवरचा ठोका न् ठोका एकसारखा, दाणे मोजून लावावेत तसा. सरदारांच्या घरी लग्न निघालं की आधी माणूस हैबतीकडे यायचा, मग भटजीकडे. दारात वीस-वीस कारागीर बसायचे. दिवसभर असा ठणठणाट की शेजारची बाई नवऱ्याशी भांडायची तर नदीवर जाऊन भांडायची.

त्याला एकच बहीण, चिमा. आई-बाप लवकर गेले. हैबती लहानपणी ठोके घालायचा आणि चिमा भाता ओढायची. पुढे तिला भिवपुरात दिली. पहिली काही वर्षं हैबती दर भाऊबीजेला स्वतः गेला. मग कामं वाढली. मग कोंडू नावाच्या गड्याबरोबर घागर जाऊ लागली. एका वर्षी कोंडूनं परत येऊन सांगितलं, "बाईस्नी देवी आल्या हुत्या. आता उठल्यात." उठली म्हणजे बरी झाली, असं हैबतीनं धरलं. पुढच्या खेपेला त्यानं जरा मोठी घागर पाठवली. जास्त काही विचारलं नाही. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर त्या न विचारण्याचा.

अशा तीन भाऊबीजा गेल्या. चौथ्या वर्षी हैबती स्वतः गेला. बहिणीच्या ओढीनं गेला असं आमच्या देवळातले गुरव सांगतात. सरदारांकडे भांडी पोचवायची होती आणि भिवपूर वाटेत लागत होतं म्हणून गेला, असं माझा आजा सांगायचा. मला आज्याचं खरं वाटतं.

ओसरीवर पाट मांडला होता. आळीतली माणसं पाहायला जमली होती, कारण एवढा नामांकित तांबट कुणाच्या दारी येतो? चिमा तबक घेऊन बाहेर आली, जावेच्या खांद्यावर हात ठेवून. लाजली असेल, असं हैबतीला वाटलं. त्यानं घागर तिच्यापुढे सरकवली आणि मोठ्यानं म्हणाला, "बघ चिमे, काठावर तुझं नाव कोरलंय. वाच की!"

चिमानं तबक खाली ठेवलं. म्हणाली, "दादा, मला दिसत न्हाई. देवीनं डोळं नेलं. तीन वरसं झाली."

गोठ्यातली गाय रवंथ करत होती तेवढंच ऐकू येत होतं म्हणतात. तीन वर्षं बहीण आंधळी आहे आणि सख्ख्या भावाला पत्ता नाही! लहानपणी मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली होती.

पण खरा घाव पुढेच होता. चिमानं घागर मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी चाचपली. काठ चाचपला, पोट चाचपलं, बूड चाचपलं. मग तिनं जावेला आतल्या तीन घागरी आणायला सांगितलं. चारी घागरी ओळीनं ठेवल्या आणि एकीमागून एकीवर हात फिरवला.

"ह्यातली तुझी कुठली रं, दादा?"

"सगळ्या माझ्याच की."

"न्हाईत. तुझं मधलं बोट वाकडं हाय. तुझा ठोका जरासा डावीकडं पडतो. मी भात्यावर बसून दहा वरसं त्यो ठोका ऐकलाय. ह्या घागरी तुझ्या न्हवंत."

खरंच होतं ते. दहा वर्षं हैबतीनं हातोडा उचललाच नव्हता. कारागीर घडवायचे आणि तो वर आपली मुद्रा ठोकायचा. ही गोष्ट परगण्यात कुणाला कळली नव्हती, सरदारांच्या पारख्यांना कळली नव्हती, आणि ती एका आंधळ्या बाईच्या बोटांना कळली. जमलेल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या.

निरांजन पेटलेलं होतं. चिमानं ते ओवाळलं नाही. भाऊबीज म्हणजे यमद्वितीया. त्या दिवशी बहिणीनं न ओवाळता भावानं परत फिरणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. सासू म्हणाली, "अगं, असं करू नये." चिमा म्हणाली, "फुडल्या बीजेला तुझ्या हातचं कायतरी आण, दादा. माझ्या बोटांनी वळखलं तर ववाळीन. न्हाईतर मला भाऊ न्हाई, आसं समजीन."

हैबती कोऱ्या कपाळानं घरी आला. त्यानं शपथ घेतली, की बहीण ओवाळेपर्यंत कुठल्याच भांड्यावर आपली मुद्रा उमटवणार नाही. कारागीर पांगले. सरदारांचा माणूस दोनदा येऊन दरडावून गेला. हैबती एकटाच ऐरणीपुढे बसू लागला. पण हाताला सवय ती घागरीची! नवं काही करू म्हणे आणि घागरच व्हायची, तीही मेलेली. आठ-दहा महिने हेच चाललं. दहा वर्षं वाकडं बोट नुसती मुद्रा ठोकत आलं होतं, ते पुन्हा आपल्या वळणावर येईना.

खंडेनवमीला त्यानं हत्यारं पुजली. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सगळा गाव सोनं लुटून परतत असताना त्यानं ऐरण उचलून दारात पालथी घातली. बायाबापड्या हबकून जागीच थांबल्या. तांबटानं ऐरण पालथी घालणं म्हणजे ब्राह्मणानं जानवं तोडण्यासारखं. याला वेड लागलं, असं लोक म्हणाले. बायको मात्र रडली नाही. तिचं नाव सांगत नाहीत, आणि हे मला बरोबर वाटत नाही, कारण पुढची सगळी बुद्धी तिची. ती एवढंच म्हणाली, "वन्संचं डोळं गेलं तवापास्नं त्यांनी म्हायेर बघितलं न्हाई. त्यांस्नी घागर कशाला? म्हायेर न्या की."

माहेर न्यायचं कसं? बोटांना दिसेल असं करून. हैबतीच्या डोक्यात लखकन उजेड पडला. आईचं जुनं लुगडं पेटीत होतं. त्याची गोधडी करायची आणि तिच्यावर सगळं घर, अंगण, नदी मांडायची. पण त्यात तांब्याचं काम कुठेच नव्हतं. बावीस दिवस उरले होते आणि जे येत होतं ते कामाचं नव्हतं.

तो आधी कुंभाराकडे गेला. गोधडीवरच्या विहिरीला मातीचं कडं हवं होतं. मातीचा गोळा पुढ्यात येताच हैबतीनं सवयीनं दणादण ठोकायला घेतलं आणि चिखल कुंभारणीच्या तोंडावर उडाला. "माती हाय ती भावजी, तांबं न्हवं! मारू नगा, इचारा तिला," ती ओरडली. सात कडी भट्टीत फुटली, आठवं टिकलं. मग तो आमच्या पूर्वजाकडे आला, धोंडी बुरुडाकडे. अंगणाच्या कुडासाठी, म्हणजे कुंपणासाठी, बांबूच्या कांब्या विणायच्या होत्या. धोंडीनं त्याची पहिली वीण पाहिली आणि कोंबड्यांपुढे टाकली. कोंबड्याही तिच्यात बसेनात. आमच्या घरात हे अजून मोठ्या अभिमानानं सांगतात. नदीसाठी त्यानं अंबाडीचा दोर स्वतः वळला. शेवटी सुई. पाच परगण्यांत नाव असलेला माणूस बायकांच्या घोळक्यात मांडी घालून बसला आणि टाके घालू लागला. टाका वाकडा गेला की पोरी हसायच्या. पहिल्यांदा तो चिडला. चौथ्या दिवशी तोही हसला. त्या घरात दहा वर्षांत कुणी हैबतीला हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून त्याची बायको चुलीपुढून उठून पाहायला आली म्हणतात.

भाऊबीजेला तो भिवपूरला गेला. ओसरी पुन्हा भरलेली. चिमानं गोधडी मांडीवर घेतली आणि काठाला बोट लागताच दचकली. "आईचं लुगडं," ती म्हणाली. मग तिची बोटं चालू लागली. दोरावरून नदी ओलांडली. कडं लागलं तशी "हीर!" म्हणाली. कुडावर बोट टोचलं तशी हसली. कापसानं भरलेल्या पायऱ्या आल्या. तिनं त्या मोजल्या. पुन्हा मोजल्या आणि थांबली.

"दादा, चुकलास. पायऱ्या चार हायत. तू तीन केल्यास."

"तीनच हायत, चिमे. मी रोज चढतो."

"चार. मी सासरी निघाले तवा मोजत उतरले हुते."

हाही वर्षाचा खटाटोप फुकट गेला, असं हैबतीला वाटलं. पण चिमानं गोधडी बाजूला ठेवली आणि त्याचे हात हातात घेतले. तळहातावर भट्टीचे फोड, बोटांत बांबूची कुसळं, प्रत्येक पेरावर सुईची भोकं. तिनं वाकडं बोट शोधून काढलं आणि घट्ट धरलं. "आरं देवा," ती म्हणाली, "काय केलंस रं ह्या हातांचं!" आणि ती मोठ्यानं रडली. मग तिनं तबक मागितलं. आधी त्याच्या दोन्ही हातांना कुंकू लावून हात ओवाळले आणि नंतर तोंड. "बिनचुकीचं समदेच देत्यात," ती म्हणाली. "ही चूक माझ्या भावाचीच हाय."

त्या दिवशी हैबती भिवपुरात जेवायला थांबला नाही. तडक घरी आला आणि पायऱ्यांशी बसून हातांनी माती उकरू लागला. शेजारपाजारचे धावले. हातभर खाली दगड लागला. चौथी पायरी. इतक्या वर्षांच्या येण्याजाण्यात ती चिखलाखाली गेली होती आणि तिच्यावरून रोज ये-जा करणाऱ्याला तिचा विसर पडला होता. जमलेली माणसं वाकून बघू लागली. हैबती मात्र त्या पायरीवर डोकं टेकून बराच वेळ बसून होता.

पुढच्या आठवड्यात त्यानं चिमाला माहेरी आणलं. त्यानं हात पुढे केला तो तिनं धरला नाही. पदर खोचून एक, दोन, तीन, चार अशी मोजत वर गेली. हैबतीनं पुढे भांडी पुन्हा घडवली, पण स्वतःच्या हातानं, आणि ठोका डावीकडे पडलेली. दर दसऱ्याला ऐरण पालथी घालायचा. म्हातारपणी ती त्यानं या चौथ्या पायरीवर ठेवली, आणि कुणी उचलली नाही.

आजही ऐनखोऱ्यात भाऊबीजेला बहीण डोळे मिटून ओवाळणी हातात घेते, आणि तिच्यात एक तरी खोट काढल्याशिवाय डोळे उघडत नाही. मग आधी हात ओवाळते, नंतर तोंड. माझी बहीण ब्याऐंशी वर्षांची आहे आणि माझ्या मडक्यांत तिला खोट काढायला फार वेळ लागत नाही.

चला, उन्हं उतरली. जाताना एवढं सांगून जा, तुमच्या घराला पायऱ्या किती आहेत? नाही, आत्ता नका सांगू. ज्याला विचारतो तो असाच बोटं मोजायला लागतो. घरी जाऊन मोजा, आणि घरातून सासरी गेलेली कुणी असेल तर आधी तिला विचारा.