हैबतीची गोफण आणि राईतली बोरं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीकाठी एक गाव होतं आणि गावाला लागूनच, राजाने सगळ्यांसाठी मोकळी सोडलेली राई होती. राईत रानबोरींची दाट झुडपं होती. पाऊस सरला, की गावची पोरं तिथे झोके घेत, विटीदांडू खेळत. बोरांना मात्र कुणी हात लावत नसे. तुळशीचं लग्न लागलं, की दुसऱ्या दिवशी सारा गाव राईत वनभोजनाला येई आणि मगच बोरं खाई.

राईचा राखणदार होता हैबती. माणूस कष्टाळू, पण हेकट. एका वर्षी त्याची नात येसू वनभोजनात हिरमुसून बसली. तिच्या ओच्यात जेमतेम चार बोरं पडली होती आणि वर शेंड्यावर बुलबुल खुशाल ताव मारत होते.

"आबा, पाखरांनाच का सगळी?" तिने विचारलं.

हैबतीच्या जिवाला ते लागलं. "पुढच्या साली तुझा ओचा भरला नाही, तर मला राखणदार म्हणू नकोस," तो म्हणाला.

पुढच्या साली बोरी फुलल्या आणि हैबती गोफण घेऊन मचाणावर चढला. पाखरू दिसलं, की दगड सुटलाच. नदीवर धुणं धुणाऱ्या म्हाताऱ्या ठकूबाईने हटकलं, "हैबती, अजून बोरं धरलीसुद्धा नाहीत. आत्ताच कशाला हाकलतोस रे?"

"फुकट्यांची खोड आधीच मोडलेली बरी, मावशी."

महिन्याभरात राईत औषधालाही पाखरू उरलं नाही.

बोरं अशी लगडली, की फांद्या जमिनीला टेकल्या. वनभोजनाच्या दिवशी हैबती मिशांना पीळ देत फिरत होता. त्याने आपल्या हाताने येसूचा ओचा काठोकाठ भरला. तिने एक बोर फोडलं, तर आत अळी. दुसरं फोडलं, त्यातही अळी. पंगतीत जो तो थू थू करत होता. येसूने ओचा झुडपाखाली रिकामा केला. ते पाहून हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं.

ठकूबाई त्याच्याशेजारी टेकली. "मी रोज धुण्याच्या दगडावरून बघत आले ना. बोरी फुलल्या, की पाखरं येतात ती किडे-अळ्या टिपायला. बोरं मागाहून खातात. तुझी गोफण पाखरांना लागली, अळीला नाही."

हैबतीने त्याच दिवशी गोफणीच्या दोऱ्यांचं शिंकं केलं, त्यात पाण्याची परळ ठेवली आणि ते सगळ्यांत उंच बोरीला टांगलं. रुसलेली पाखरं लगेच कुठली यायला? पण हळूहळू आली.

पुढच्या वनभोजनाला येसूच्या ओच्यात मूठभरच बोरं पडली. त्यातली दोन-तीन चोचीने टोचलेली. तिने एक स्वतः खाल्लं, एक आबांच्या तोंडात घातलं आणि हसली. बोर गोड होतं.

तर मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा, एवढं ध्यानात ठेवा: ज्याला आपण फुकटा वाटेकरी म्हणून हाकलतो, तोच पुष्कळदा आपला खरा राखणदार असतो.