चार बोटांचे रूळ

फार फार जुनी गोष्ट आहे बरं का. एका राज्यात लाकडी खेळणी करणारा एक सुतार राहत होता. राजवाड्याच्या देवडीत बसून काम करायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. एकदा राणीने त्याला बोलावलं.

"युवराजांच्या वाढदिवसाला छोटी गाडी हवी. सगळ्या चौकाला वळसा घालेल, अशी रुळांवरून धावणारी. मध्येच पडली, तर देवडीतली जागा दुसऱ्याला!"

सुताराची अन्नावरची वासनाच उडाली. गाडी झाली, पण रूळ हाताने तासायचे म्हणजे वेळखाऊ काम. अर्ध्या चौकापुरते झाले आणि वाढदिवस तोंडावर आला. बाजारात तयार रूळ मिळत होते. घ्यावेत, तर लोक काय म्हणतील? न घ्यावेत, तर काम पुरं कसं होणार? हातातला रंधा थांबे, पुन्हा चाले.

शेवटी तो बाजारात गेलाच. व्यापाऱ्याला म्हणाला, "दोन रुळांत अंतर चार बोटंच आहे ना? माझी गाडी चार बोटांची आहे."

"ही बघा की, चार बोटं!" व्यापाऱ्याने आपला जाडजूड पंजा रुळांमध्ये बसवून दाखवला. सुताराच्या जिवात जीव आला.

घरी बायको म्हणाली, "अहो, एकदा गाडी फिरवून तरी बघा."

"आणि पडली तर?" सुतार खेकसला. "अपशकुनी बोलू नकोस!"

"पडली तर घरातच पडेल ना? इथं हसायला मी एकटीच आहे."

पण त्याने गाडीला हात लावू दिला नाही. मनात शंकेची पाल चुकचुकत होती, तिला तो हाकलत राहिला.

वाढदिवसाला चौक माणसांनी भरला. व्यापारीही मिरवायला आला होता. गाडी ऐटीत निघाली. हातचे रूळ संपले, बाजारचे लागले, आणि चाकं दोन रुळांच्या मध्ये धप्पकन खाली! युवराजाने भोकाड पसरलं.

"याने मला फसवलं!" सुतार ओरडला.

राणीने दोघांचे पंजे शेजारी शेजारी धरायला लावले. एकाची बोटं शेवग्याच्या शेंगा, दुसऱ्याची राजेळी केळी.

"मोजण्यात दोघेही खोटे नाहीत," राणी म्हणाली. "पण गाडी तुझी होती, बाबा. घरी एकदा फिरवून पाहिलीस?"

सुताराने मान खाली घालून देवडीतली हत्यारं गोळा केली.

म्हणून सांगते, वस्तू हातची असो की बाजारची, भीतीपोटी जे घरात पारखायचं टाळलं, ते चारचौघांत उघडं पडतं.