कासवाची सोंगटी

एका राज्यात सरदार घराणी पुष्कळ होती आणि प्रत्येकाचं कुलचिन्ह वेगळं होतं. कुणाचा मोर, कुणाचं घुबड, कुणाचं कासव. तिथल्या शार्दूलसेन राजाला जामदारखान्यात पणजोबांची एक पेटी सापडली. तीत सारीपाटाच्या जुन्या हस्तिदंती सोंगट्या होत्या आणि एकेकीवर एकेका घराण्याचं चिन्ह कोरलेलं होतं. राजाने हौसेने पट मांडला, समोर राणीला बसवलं, फासे टाकले आणि तिथेच घात झाला. पटावर जी सोंगटी मारली जाई, तिचं अख्खं घराणं असेल तिथून उचललं जाऊन आपल्या घरच्या अंगणात आदळे.

कासव घराण्याच्या वेणुमतीचं लग्न मोर घराण्यात ठरलं होतं. देवळात मांडव पडला, अंतरपाट धरला गेला आणि तेवढ्यात कासव मारलं गेलं. वेणुमती वऱ्हाडासकट घरच्या अंगणात! पुन्हा मुहूर्त काढला. या खेपेला तिने हार उचलला आणि मोर मारला गेला. नवरदेव गायब झाला, हार भटजींच्या गळ्यात पडला.

वेणुमती तशीच तणतणत राजवाड्यात गेली.

"महाराज, खेळ थांबवा!"

"डाव संपल्यावाचून पटावरून उठताच येत नाही," राजा म्हणाला.

"आणि डाव संपत नाही," राणी म्हणाली, "कारण हरायची वेळ आली की नेमका एक फासा हरवतो."

राजा छताची नक्षी पाहू लागला.

खिडकीतली साळुंकी बोलली, "सोंगट्या कोरणारा मांत्रिक काळ्या डोंगरावर राहतो. उतारा त्याच्यापाशी."

"पण वाटेतच माझं कासव मारलं गेलं तर?"

राणीने कासव आणि घुबड एका घरात ठेवली. "हे जुग झालं. जुगातली सोंगटी कुणाला मारता येत नाही. मात्र दोन्ही घराण्यांचं एकेक माणूस बरोबर राहायला हवं."

घुबडांचे सरदार उदाजीराव दाराशीच पेंगत होते. दिवसा कुठेही झोपण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांना हलवून जागं केलं आणि दोघं निघाली.

काळ्या डोंगरावर मांत्रिक कानांत बोटं घालून बसला होता. "उतारा हवा तर तीन कामं करा," तो ओरडला. "आधी ही विहीर गप्प करा!"

विहीर अखंड बोलत होती. वेणुमतीने उदाजीरावांना काठावर बसवलं. विहिरीने आपल्या खोलीची थोरवी सुरू केली आणि ते घोरू लागले.

"अहो, मी बोलतेय!" विहीर म्हणाली.

घोरणं वाढलं. विहीर अशी रुसली, की तिने पुन्हा चकार शब्द काढला नाही.

"आता या दगडी हत्तीला हसवा."

वेणुमतीने हत्तीला आपल्या लग्नाची हकिकत सांगितली. हत्ती ढिम्म. "मग हार चाचपत भटजी म्हणाले, बाई, मला घरी बायको आहे." हत्ती असा हसला, की त्याचा एक सुळा निखळून पडला.

मांत्रिक मात्र गंभीर झाला. "राजाचा पणजा माझ्याशी हरू लागला आणि त्याने पट उधळला. म्हणून मी सोंगट्यांना शाप दिला. आता त्याच्या वंशजाने हसत हरावं. हे तिसरं काम."

वेणुमती उदाजीरावांना घेऊन परतली तेव्हा राणीची शेवटची सोंगटी मधल्या घराशी आली होती. राजाचा हात हळूच मांडीकडे सरकत होता.

"महाराज," वेणुमती म्हणाली, "मी हात धरणार नाही. पण माझ्या लग्नाला तुम्ही यावं असं फार वाटतं. असे बसून राहिलात तर कसे याल?"

राजाने तिच्याकडे पाहिलं. पोरीचे पाय चालून सुजले होते, अंगावर अजून हळद होती. त्याला पहिल्यांदाच मनापासून लाज वाटली. त्याने मांडीखाली हात घालून एक फासा काढला. मग दुसरा. मग अडकित्ता, मग अर्धा लाडू.

"तरीच माझा लाडू!" राणी म्हणाली आणि खो खो हसत तिने शेवटचा फासा टाकला. सोंगटी घरात गेली. "हरलो!" म्हणत राजाही पोट धरधरून हसला.

त्याच क्षणी शाप सुटला. राजा उठला, पण पायांना मुंग्या आल्या होत्या, तो थेट पटाशेजारी घोरत पडलेल्या उदाजीरावांवर कोसळला. उदाजीराव कूस बदलून झोपले.

ज्याची सोंगटी त्याच्या देवघरात गेली. वेणुमतीचं लग्न थाटात लागलं. राजासाठी पाट मांडला, चौरंग मांडला, पण तो काही केल्या बसेना. साऱ्या पंगतीत तो उभ्यानेच जेवला. त्या राज्यात सगळे सुखी झाले, तुम्हीही व्हा.