पहिली चाळीस पाने

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध बाइंडर राहत असत. वकिलांची कायद्याची पुस्तके, ग्रंथालयातल्या फाटक्या कादंबऱ्या, शाळेची हजेरीपत्रके, सारे त्यांच्याच हातून बांधून निघे. ते स्वतः चौथीच्या पुढे शिकलेले नव्हते. पण कुणी पुस्तक हाती दिले, की ते उघडण्याआधी त्याची कड उजेडात धरून बराच वेळ पाहत आणि मगच गिऱ्हाइकाशी बोलत. लोक त्यांना बाबा म्हणत. काही जण विक्षिप्तही म्हणत, पण तेही आदर राखून.

चैत्रातल्या एका सकाळी वैजयंता त्यांच्या दुकानी आली. ती गावातल्या सहकारी बँकेत चौदा वर्षे शिपाई होती आणि दूरशिक्षणाने बँकिंग व वित्त या विषयाची पदवी घेत होती. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. नोकरी, सासर आणि दोन मुले सांभाळता सांभाळता तिला आठवे वर्ष लागले होते. बाकीचे सगळे विषय सुटले होते. वित्तीय व्यवस्थापन तेवढे राहिले होते आणि त्यात ती तीनदा आपटली होती. विद्यापीठाच्या नियमानुसार मे महिन्याची परीक्षा ही तिची अखेरची संधी होती. त्यानंतर नोंदणीच संपणार होती. त्याच वर्षी बँकेत लिपिकांच्या जागा आतल्या माणसांतून भरणार होते, पण पदवी असेल तरच. म्हणजे यंदा जमले तर जमले, नाहीतर आठ वर्षे पाण्यात आणि उरलेला जन्म साहेबांच्या चहाचे कप उचलण्यात.

"बाबा, एवढं शिवून द्या. पानं निखळायला लागलीत," ती म्हणाली.

बाबांनी वित्तीय व्यवस्थापनाचे ते पुस्तक घेतले, कड उजेडात धरली आणि विचारले, "किती वर्षं झाली याला?"

"तीन. वाचून वाचून असं झालंय बघा."

"दिसतंय ना. उद्या ये."

दुसऱ्या दिवशी बाबांनी तिच्यासमोर पुस्तक ठेवले. ते शिवलेले नव्हते, कापलेले होते. अकरा घटकांचे अकरा तुकडे, प्रत्येकाला साध्या खाकी कागदाचे वेष्टन. त्यांतले पहिले दोन बाबांनी उचलून पेटीत टाकले, तिसरा तिच्या हाती दिला आणि बाकीचे फडताळात ठेवले.

"हा वाचून झाला की परत आण. मग पुढचा मिळेल. पेटीतले दोन परीक्षा होईपर्यंत माझ्याकडंच राहतील."

वैजयंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, माझी शेवटची परीक्षा आहे! दीड महिना राहिलाय. तुम्हाला शिवायला दिलं होतं, आणि तुम्ही काय करून ठेवलंत हे?"

"नवीन पुस्तक मिळतं का?"

"कुठलं मिळतंय आता! पोस्टानं यायलाच महिना जाईल."

"मग हेच वाच," बाबा म्हणाले आणि सुईत दोरा ओवू लागले.

ती पाय आपटत बँकेत गेली. पण करते काय? दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिने दप्तरखोलीत बसून तो तुकडा उघडला. आजवर तिने बँकेत कधी पुस्तक काढले नव्हते. शिपायाच्या हातात जाडजूड पुस्तक दिसले, की कुणीतरी चिमटा काढणारच. हा तुकडा मात्र डब्याच्या पिशवीत सहज मावत होता आणि फाइलमध्ये ठेवून वाचला तर कुणाला कळतही नव्हते. पाच दिवसांत तो संपला. पुढचे दोनही संपले. सहाव्या घटकापाशी भांडवलाच्या खर्चाचे गणित आले आणि तिने रविवारी अभ्यासकेंद्रात सरांना गाठून ते तीनदा सोडवून घेतले. आजवर ती सरांना काही विचारत नसे, कारण त्यांचे शिकवणे पुढच्या घटकावर आणि ती मागच्या घटकावर, अशीच नेहमी चुकामूक होई.

मग घात झाला. नणंदेच्या मुलीचे लग्न निघाले. रुखवतापासून पाठवणीपर्यंत सगळे तिच्याच गळ्यात पडले आणि बारा दिवस पुस्तकाला हात लागला नाही. तेराव्या दिवशी ती बाबांपुढे येऊन उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा अगदी उतरला होता.

"बाबा, सगळं विसरले मी. पेटीतले दोन द्या. पहिल्यापासून नीट करते."

"तू कुठं थांबली होतीस?"

"सहावा झाला होता."

बाबांनी फडताळातून सातवा तुकडा काढून तिच्यापुढे धरला.

"अहो, पण मागचं काही आठवत नाही!"

"सातवा आहे हा. घ्यायचा असेल तर घे."

तिला रडू कोसळले. म्हाताऱ्याला आपले काय पडले आहे, असेही तिच्या मनात आले. पण परीक्षेला अठरा दिवस राहिले होते आणि वाद घालत बसणे परवडणार नव्हते. तिने सातवा घेतला. पहिली चार पाने डोक्यावरून गेली. पाचव्या पानावर एक संज्ञा भेटली, ती चौथ्या घटकातली निघाली. तिच्यामागून दुसरी आठवली, मग तिसरी. विसरले विसरले म्हणून ज्यासाठी रडणे चालले होते, ते बरेचसे डोक्यात शाबूत होते. त्या दुपारी तिला जेवणाचेही भान राहिले नाही. परीक्षेच्या चार दिवस आधी तिने अकरावा तुकडा परत नेऊन दिला. त्या विषयाचा शेवट तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता.

परीक्षेच्या दिवशी प्रश्नपत्रिका हाती आली. आजवर निम्म्या प्रश्नांपुढे तिला घाम फुटत असे. यंदा तिने एकेक प्रश्न वाचला, आणि प्रत्येक प्रश्न तिच्या ओळखीचा होता. तीन तास तिने मान वर केली नाही. जुलैत निकाल लागला. शंभरापैकी एकाहत्तर! भर बँकेत, काउंटरपाशी, ती मोठ्याने ओरडली. रांगेतल्या लोकांनी दचकून पाहिले आणि कारण कळल्यावर टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी साहेबांनी तिला चहा पाजला.

पेढे घेऊन ती बाबांकडे गेली आणि वाकून पाया पडली. "बाबा, हा विषय तुम्हाला येत होता का हो?"

बाबा खो खो हसले. "मला कुठला येतोय? मला फक्त कडा वाचता येतात. पन्नास वर्षं बघतोय ना. आळशी माणसाचं पुस्तक कुठंच मळत नाही. तुझं पहिली चाळीस पानं काळीकुट्ट, निखळलेली, अन् पुढची कोरी करकरीत. कष्ट ढीगभर, पण सगळे त्या चाळीस पानांवर. मी म्हटलं, ही बाई दर वेळी पहिल्यापासनं सुरू करत असणार. का? तर मधे खंड पडला की तिला लाज वाटते. आपण गुन्हा केला असं वाटतं, अन् प्रायश्चित्त म्हणून ती पुन्हा पहिल्या पानावर जाऊन बसते. पोरी, घरदार सांभाळून शिकणाऱ्याला खंड पडायचाच. मार्चअखेर येणार, लग्नं येणार, पोरं आजारी पडणार. त्यात लाज कसली? थांबलीस तिथनंच उठायचं अन् पुढचं पान उलटायचं. तू स्वतःहून ते करणार नव्हतीस, म्हणून मी कात्री लावली."

 नापासाची तीन वर्षे वैजयंताच्या डोळ्यांपुढून गेली. आपण आळशी आहोत, आपल्या डोक्यात शिरत नाही, असेच ती इतके दिवस धरून चालली होती. आज तिला स्वतःचा राग आला नाही. उलट त्या काळ्या पानांवर राबलेल्या बाईची पहिल्यांदाच माया वाटली.

सोमवारी बँकेत लिपिकपदाचे अर्ज वाटले गेले. शिक्षणाच्या रकान्यापाशी सवयीने तिचा हात 'बारावी' लिहू लागला. एक अक्षर उमटलेही. तिने पेन थांबवले. शेजारच्या रोखपालाने नवा कोरा अर्ज पुढे केला आणि म्हणाला, "हा घ्या, पहिल्यापासून नीट भरा."

"नको," ती हसून म्हणाली. तिने त्या अक्षरावर एक रेघ मारली आणि तिथेच, रेघेच्या पुढे, ठसठशीत अक्षरांत लिहिले: पदवीधर.