मायावी हंडा आणि केतकीची भाकरी

एका राज्यात चुली होत्या, पण चुलींत विस्तव नव्हता. घरं होती, पण घरांवर धूर दिसत नव्हता. आणि तरीही, ऐका हो नवल, तिथे कुणी उपाशी नव्हतं!

कारण चौकात होता एक सोन्याचा हंडा. विकटजिव्ह नावाच्या मांत्रिकाने तो राजा धवलसेनाला नजर केला होता. हंड्यापुढे भांडं धरावं, की आतून गोड आवाज यायचा, "काय देऊ, बाळा?" जिलेबी म्हटलं की जिलेबी, पेढा म्हटलं की पेढा. राजा मनाने चांगला, पण गोड दिसलं की त्याचं भान सुटायचं. "आता कशाला धूर नि कशाला घाम?" असं म्हणून त्याने दवंडी पिटवली आणि राज्यातल्या सगळ्या चुली विझवायला लावल्या.

मांत्रिकाला हेच तर हवं होतं. शेवटची चूल विझली आणि शाप लागला. गारगोट्या झिजल्या, पण ठिणगी पडेना. दळायची जाती जागची हलेनात. हंड्यावर घण घातला, तर घणच मोडला. हंड्याचं खाऊन मोठी माणसं सुस्तावली आणि मुलं वाळत चालली. पोट भरलेलं, पण हातापायांच्या काड्या!

राणी यशोमतीची लेक केतकी सहा वर्षांची. पूर्वी वाऱ्यासारखी पळायची, आता तिला उचलून न्यावं लागे. राजवैद्य मान खाली घालून म्हणाले, "राणीसाहेब, खाल्लेलं अंगी लागत नाही. ही पोर पुढचा पाडवा पाहील असं वाटत नाही."

राणीच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तिने दागिने उतरवले, पदर खोचला आणि तडक रानातल्या बोलत्या साळुंकीपुढे जाऊन उभी राहिली.

"साळुंके, हा शाप कशाने सुटेल?"

"तीन कामांनी," साळुंकी म्हणाली. "ज्वालाडोंगरावरचा विस्तव आण. रुसलेलं जातं फिरव. आणि हंडा फोड."

"तो घणाने फुटत नाही."

"मुलांनी पाठ फिरवली की फुटेल. चौकातल्या एकाही मुलाला त्याच्याकडे वळावंसं वाटता कामा नये."

राणी ज्वालाडोंगर चढली. माथ्यावर आगीच्या आयाळीचा वाघ बसला होता. "कशात नेशील?" वाघाने विचारलं. राणीने सोन्याचा डबा पुढे केला, तो वितळला. चांदीचा केला, तोही वितळला. आता काय करावं? पायाशी एक फुटकं खापर पडलं होतं. तिने त्यात ओंजळभर राख भरली, राखेत निखारा पुरला आणि वरून पुन्हा राख लोटली. "हं, आता जा," वाघ म्हणाला आणि झोपला. घरी येऊन राणीने राख फुंकली, तर निखारा लालबुंद! चौकात चूल पेटली आणि धुराने डोळे चोळता चोळता लोक आनंदाने रडले.

दुसरं काम जात्याचं. राजवाड्यातले पहिलवान लावले, बैल जुंपले. जातं ढिम्म! साळुंकी खिडकीत बसून म्हणाली, "ते जोराला भीत नाही. त्याला गाणं हवं." राणीला गाणं कुठलं यायला? पण आत केतकी कण्हत होती आणि आईच्या तोंडून शब्द आपोआप आले:

*फिर फिर रे दगडा, नको धरू असा राग,*
*लेकीचं भरलं पोट, विझंना भुकेची आग.*

जात्याने एक सुस्कारा सोडला आणि घरघर फिरू लागलं. परात ज्वारीच्या पिठाने भरली.

दोन कामं फत्ते! तिसऱ्याची राणीला मुळीच धास्ती वाटेना. साळुंकीने शिकवलं तसं ती रांधायला शिकली. चटके खाल्ले, भाकऱ्या करपवल्या, पुन्हा थापल्या. मग चौकात बसून तिने फुललेल्या भाकऱ्या केल्या, शेपूची भाजी परतली, मुगाची उसळ शिजवली. वास असा सुटला की पोटात कावळे ओरडावेत. तिने राज्यातली मुलं पंगतीला बसवली. केतकीही पुढे सरकली आणि तिने पिठात बोट घातलं.

"लांब हो! भाजशील. तू नुसतं जेव!" राणीने तिचा हात बाजूला सारला.

मुलांनी भाजी हुंगली, नाकं मुरडली. तेवढ्यात हंडा गोड गळ्याने म्हणाला, "काय देऊ, बाळांनो?" आणि सगळी पंगत उठून तिकडे पळाली. ताटं तशीच राहिली. केतकीच्या अंगात उभं राहण्याचंही बळ उरलं नव्हतं, पण तीही सरपटत हंड्याकडेच निघाली.

राणीला इतका संताप आला की तिने पळी भिरकावली. "एवढं मरमर राबले, ते कुणासाठी?" ती ओक्साबोक्शी रडू लागली. तोच चौकात मांत्रिक प्रकटला. "राणी, तूही एक हंडाच झालीस!" तो खदाखदा हसला. "मुलांनी भांडं पुढे करायचं आणि तू वाढायचंस. माझ्यात नि तुझ्यात फरक तो काय?"

बोलणं झोंबलं हो, कारण खरं होतं. राणीने डोळे पुसले. केतकी वळून तिच्याकडेच पाहत होती.

"आई, मला करू दे ना," ती म्हणाली.

राणीने चुलीकडे पाहिलं. निखारे धगधगत होते आणि लेकीचे हात काटकीएवढे होते. तरीही तिने केतकीला परातीपुढे बसवलं. "आधी हात धू. आता पिठात गरम पाणी घालते मी. तू मळ. तळहाताने दाब, अगं, अजून जोरात."

केतकी मळू लागली. भाकरी थापली, तर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला भोक. राणीचे हात शिवशिवले, पण तिने ते मांडीखाली दाबून धरले. तव्यावर भाकरी पडली. केतकीने वरून पाण्याचा हात फिरवला, बोटाला चटका बसला, तिने "आई गं!" म्हटलं आणि बोट तोंडात घालून तिथेच बसून राहिली. मग भाकरी विस्तवाशी लावली आणि ती वाकडीतिकडी भाकरी टम्म फुगली.

"फुगली! माझी फुगली!" पोर किंचाळली.

झालं! हंड्याभोवतीची मुलं धावत आली. "मला पण! मला पण!" कुणी शेपू निवडायला बसलं, कुणी मूग धुतले, कुणी कांदा चिरून डोळे पुसले. कुणाची भाकरी करपली, कुणाची मोडली. पण प्रत्येकाने आपली म्हणून शेवटचा तुकडासुद्धा चाटूनपुसून खाल्ला.

"काय देऊ, बाळांनो?" हंडा म्हणाला. कुणी वळलं नाही. "जिलेबी देऊ? गरमागरम!" तो गयावया करू लागला. "थांब रे, माझी भाकरी करपेल!" एक पोरगी खेकसली.

आणि हंडा तडकला! त्यातून मुलांची कोंडलेली ताकद बाहेर पडली, घरी परतणाऱ्या वासरांसारखी ज्याची त्याच्याकडे धावली. केतकीच्या गालांवर लाली चढली. ती उठली आणि सगळ्या चौकाला पळत फेरी मारून आली. राजवैद्यांनी नाडी पाहिली आणि म्हातारपण विसरून ते चक्क नाचले!

त्या ताकदीवर जगणारा मांत्रिक मात्र सुकून पडवळासारखा झाला. "पोरी, भूक लागली गं. एक भाकरी दे," तो कळवळून म्हणाला.

मुलांच्या घोळक्यात राजाही बसला होता, कोपरापर्यंत पीठ माखून. तो रागाने उठणार, तोच केतकीने परात मांत्रिकापुढे सरकवली.

"मिळेल की. हात धुऊन या आणि मळायला बसा!"

मांत्रिक बसला. त्या राज्यात मग गावोगावी चौकात मुलांची चूल मांडली गेली. तिथे मुलं शिकत आणि घरी जाऊन मोठ्यांना शिकवत. घराघरांतून पुन्हा धूर निघू लागला. त्या चुली पेटत्या राहोत, आणि ही कथा ऐकणाऱ्यांच्याही घरी लहानांचे हात पिठाने माखोत.