माहेरचुलींचं तळं

आंबळवाडीत शिरताना डाव्या हाताला जे तळं दिसतं, त्याला माहेरचुलींचं तळं म्हणतात. त्याच्या दगडी बांधावर काळवंडलेल्या चुलींची रांग आहे. नवीन माणसाला वाटतं, इथे जत्रा भरत असावी. पण जत्रा नाही. या चुलींनी तळं राखलं, असं जुनी माणसं सांगतात.

फार पूर्वी या मुलखात एक सरदार होता म्हणे. त्याला पलीकडच्या माळावर गढी बांधायची होती. आमच्या बांधाचे घडीव दगड त्याच्या नजरेत भरले. पहारी आणि माणसं घेऊन तो आला आणि तळ्याकाठीच डेरा टाकला. बांध गेला असता तर पाणी गेलं असतं आणि पाण्यामागून गाव. पाटलाने पागोटं काढून त्याच्या पायाशी ठेवलं. सरदार तेव्हा जेवत होता. पानातल्या पिठलं-भाकरीकडे बघून तो हसला.

"ज्वारी आणि डाळ! दुसरं आहे काय तुमच्याकडे? पुढच्या अमावास्येपर्यंत मला रोज नवा पदार्थ वाढा. एक जरी दुसऱ्यांदा पानात आला तर बांध माझा. नाही आला तर उठून जाईन."

पाटलाची आई सगुणाबाई हाताला चव असलेली. तिने पदर खोचला. शेंगोळे झाले, उडदाचं घुटं झालं, कण्या, थालीपीठ, आमटीतली फळं, सगळं झालं. पौर्णिमेपर्यंत तिला येत होतं तेवढं संपलं. सकाळी ती बांधावर येऊन बसली.

"आज काय रांधू गं?" पाणी भरणाऱ्या बायांना तिने विचारलं. जुन्या बायकांनी जे जे सुचवलं, ते होऊन गेलेलं होतं.

तेवढ्यात तिची सून चंद्रा घागर खाली ठेवून म्हणाली, "आत्या, आमच्याकडं पानगी करत्यात."

सगुणाबाईची मान खाली गेली. चंद्रा घाटाखालची. लग्न होऊन आली तेव्हाही तिने पानगीचं नाव काढलं होतं. "पाल्यात भाकरी भाजत्यात व्हय? आमच्यात असलं करत न्हाईत," असं सगुणाबाईच तिला म्हणाली होती. गावातल्या सगळ्याच सुनांची ती गत होती. माहेरची चव माहेरीच ठेवून यायचं.

"तांदूळ न्हाई, केळीचं पान न्हाई," सगुणाबाई हळूच म्हणाली.

"ज्वारीचं पीठ घेऊ. पळस हाय की!"

"मग बस हितंच. दाव मला."

तीन दगड मांडून बांधावरच चूल पेटली. चंद्राने ताकात भिजवलेलं पीठ पळसाच्या पानावर थापलं, वर दुसरं पान झाकलं आणि तव्यावर दोन्ही अंगांनी भाजलं. सरदाराने पान उलगडलं. खाऊन त्याने आणखी एक मागितली.

मग सुनांना धीर आला. खानदेशातून आलेल्या एकीने भरड्या डाळीचे फुणके उकडले. भीमाकाठच्या एकीने तिच्या आईची आंबट कढी केली. रोज बांधावर नवी चूल वाढली. सरदाराचा आचारी बोट बुडवून चाखायचा आणि म्हणायचा, "हे परवाचंच!"

"परवा डाळ वाटली हुती, आज भरडलीया," बायका म्हणायच्या. "तुझ्या आईनं काय शिकवलंच न्हाई व्हय रं?"

अमावास्येला सरदार डेऱ्याबाहेर आला तर बांधावर भांडण जुंपलेलं.

"आज माझ्या माहेरचं!"

"सर मागं! कवाधरनं पातेलं धरून उभी हाय मी!"

ज्यांना संधीच मिळाली नव्हती अशा सुना अजून रांगेत होत्या. सरदार रांगेच्या टोकापर्यंत चालत गेला. मग पहारीवाल्यांकडे वळून म्हणाला, "आवरा सामान. मी म्हातारा होईन, पण यांचं संपायचं नाही." त्या दिवशी साऱ्या पातेल्यांची एकच पंगत बसली. बांध वाचला म्हणून गावाने हलगी वाजवली आणि सरदारही पोटभर जेवून गेला, असं सांगतात.

आजही गावात नवी सून आली की तिला आधी या बांधावर आणतात. ती तिच्या माहेरचा एक पदार्थ सांगते आणि स्वतः चूल पेटवून करून दाखवते. त्या दिवशी घरोघरी तोच शिजतो. ती शिकवत असताना सासूने शेजारी बसून लाकडं सारायची, मध्ये बोलायचं नाही, असा नियम आहे. सासवांना तो फार जड जातो. पण तळ्याकडे बघून पाळतात.